प्रतिकृती-लोहमार्गासाठी रूळ आणि सांधे यांची निवड

लोहमार्गाची प्रतिकृती उभारावयाची म्हटली की पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम एंजिनाकडे, नंतर डब्यांकडे आणि शेवटी रुळांकडे जाते. बांधणाऱ्याचा क्रम मात्र याच्या नेमका उलट असावयास हवा. एंजिन बदलता येते, डबे बदलता येतात, स्थानकाची इमारत एका संध्याकाळी उचलून तिच्या जागी दुसरी ठेवता येते. परंतु रूळ एकदा खडीसह चिकटविले आणि त्यांच्याखालून विजेच्या तारा नेल्या, म्हणजे ते बदलणे हे सबंध मांडणी मोडून पुन्हा उभारण्यासारखेच होय. तेव्हा जो निर्णय सर्वांत प्रथम घ्यावा लागतो, तोच सर्वांत कमी वेळा सुधारता येतो, ही या विषयातील मुख्य अडचण आहे.

हा विषय केवळ करमणुकीचा आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९४६ साली स्थापन झालेल्या प्रतिकृती-लोहमार्ग मंडळाने आपले सांधे चालविण्यासाठी टेलिफोनचे रिले वापरून जी योजना उभारली, तिच्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांतूनच पुढे त्या संस्थेतील संगणकाचे पहिले हौशी अभ्यासक निर्माण झाले. जर्मनीत ड्रेस्डेन आणि डार्मश्टाट येथे गाड्यांचे नियंत्रण व सिग्नल यांचे शिक्षण प्रतिकृतींच्या साहाय्याने दिले जाते. पुण्यास कोथरूड भागात १९९८ साली सुरू झालेल्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयामुळे हा विषय महाराष्ट्रातील सामान्य प्रेक्षकांसही परिचित झाला आहे. मात्र भारतीय लोहमार्गाची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे एक असा प्रश्न उभा राहतो, की जो जर्मन किंवा अमेरिकन मनुष्यास पडत नाही. तो प्रश्न गेजचा होय, आणि निवडीचा आरंभ तेथूनच करावा लागतो.

प्रमाण आणि गेज

प्रमाण म्हणजे मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांच्या लांबीचे गुणोत्तर. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. या दोन गोष्टी भिन्न असूनही व्यवहारात त्यांची वारंवार गल्लत होते. बाजारात सर्वाधिक मिळणारा प्रतिकृती-रूळ १६.५ मिलिमीटर गेजचा असतो. ‘एचओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १:८७ प्रमाणात या गेजचा अर्थ १,४३५ मि.मी. असा होतो, आणि युरोप व अमेरिका येथील प्रमाण गेज तेवढेच आहे. तेथील अभ्यासकाचे प्रमाण आणि त्याचे गेज अशा रीतीने एकमेकांशी जुळलेले असतात.

ब्रिटनमध्ये ही जुळणी आरंभीच बिघडली. तेथे फुटास ४ मि.मी., म्हणजे १:७६.२, हे ‘ओओ’ प्रमाण रूढ झाले. रूळ मात्र १६.५ मि.मी.चाच राहिला. या प्रमाणात त्याचा अर्थ १,२५७ मि.मी. होतो, म्हणजे मूळ गेजपेक्षा १७८ मि.मी. कमी. ही उणीव ज्यांस असह्य वाटली त्यांनी प्रथम १८.२ मि.मी. व पुढे १८.८३ मि.मी. गेजचे रूळ स्वतः बांधण्यास प्रारंभ केला. बहुसंख्यांनी मात्र ती उणीव पत्करली. कारण तयार रूळ, तयार सांधे आणि तयार चाके त्याच गेजची मिळत होती. परस्परांच्या गाड्या परस्परांच्या रुळांवर चालाव्यात म्हणून मापांचे नियम ठरविणे अवश्य झाले. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिकृती-लोहमार्ग संघाने आणि युरोपात १९५४ साली स्थापन झालेल्या ‘मोरोप’ या संघाने हे कार्य केले.

भारताचे रुंदमापी गेज १,६७६ मि.मी. आहे. १:८७ प्रमाणात ते १९.२६ मि.मी. येते, १:७६.२ प्रमाणात २२ मि.मी. येते. या दोहोंपैकी एकाही गेजचा तयार रूळ सर्वसाधारण बाजारात मिळत नाही. म्हणून १:८७ प्रमाणातील भारतीय डबा १६.५ मि.मी.च्या रुळावर ठेवला, की त्याच्याखालील मार्ग असावा त्याहून सुमारे चौदा टक्के अरुंद दिसतो. समोरून येणारी गाडी पाहिली असता हा दोष डोळ्यांत भरतो. बाजूने पाहिली असता तो जवळजवळ जाणवत नाही.

येथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. भारतीय गेज साडेपाच फुटांचे आहे. १६.५ ला ५.५ ने भागले असता बरोबर ३ येतात. अर्थात् फुटास ३ मि.मी., म्हणजे १:१०१.६, हे प्रमाण स्वीकारल्यास तोच तयार रूळ भारतीय रुंदमापी मार्गाची अचूक प्रतिकृती ठरतो. हे प्रमाण काल्पनिक नव्हे. ब्रिटनमध्ये १९५७ पासून १२ मि.मी.च्या रुळासह ते ‘टीटी’ या नावाने प्रचारात आले. या मार्गाने गेजचा प्रश्न सुटतो, परंतु त्याचे मूल्य अन्यत्र द्यावे लागते. भारतीय एंजिने आणि डबे त्या प्रमाणात मुळापासून स्वतः बांधावी लागतात.

तेव्हा भारतीय अभ्यासकापुढे तीन मार्ग उरतात. पहिला, १:८७ प्रमाण ठेवून अरुंद दिसणारा रूळ पत्करणे. दुसरा, १:१०१.६ प्रमाण घेऊन सर्व वाहने स्वतः घडविणे. तिसरा, १९.२६ मि.मी. गेजचा रूळ व सांधे हाताने बांधणे. यांपैकी कोणताही मार्ग सर्वस्वी निर्दोष नाही. कोणता दोष पत्करावयाचा हे रूळ विकत घेण्यापूर्वी ठरविणे एवढेच हाती असते.

रुळाची उंची आणि धातू

प्रतिकृतीच्या रुळाची उंची इंचाच्या सहस्रांशांत सांगतात व तिला ‘कोड’ असे म्हणतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच किंवा २.५४ मि.मी., कोड ८३ म्हणजे २.११ मि.मी., कोड ७५ म्हणजे १.९१ मि.मी. आणि कोड ७० म्हणजे १.७८ मि.मी. कोड १०० च्या रुळास ८७ ने गुणले असता २२१ मि.मी. उंची येते, इतका उंच रूळ भारतात कोठेही वापरात नाही. भारतीय रेल्वेच्या मीटरला ६० किलोग्रॅम वजनाच्या रुळाची उंची १७२ मि.मी. आणि ५२ किलोग्रॅमच्या रुळाची १५६ मि.मी. असते. १:८७ प्रमाणात पहिल्याची उंची १.९८ मि.मी. येते, म्हणजे कोड ७८ च्या जवळपास, दुसऱ्याची १.७९ मि.मी. येते, म्हणजे जवळजवळ अचूक कोड ७०. यावरून मुख्य मार्गास कोड ७५ अथवा ८३ आणि बाजूच्या मार्गांस कोड ७० ही योजना वास्तवास धरून होते.

तथापि उंच रूळ सर्वथा टाकाऊ नाही. जुन्या खेळण्यांच्या चाकांची कड खोल असते. कमी उंचीच्या रुळावर ती स्लीपरवरील पकडींना घासून खडखडाट करते. ज्या संस्थेकडे जुनी वाहने आहेत, तिने दृश्यास बाधा येत असली तरी कोड १०० घेणेच इष्ट. शिवाय हाताळणीत तो अधिक टिकतो, आणि फलकांच्या जोडापाशी सहज वाकत नाही.

स्लीपरांकडेही पाहावयास हवे. भारतीय रुंदमापी मार्गावरील पूर्वप्रबलित काँक्रीटचा स्लीपर २.७५ मीटर लांब असतो, व किलोमीटरला १,६६० स्लीपर धरल्यास दोन स्लीपरांच्या मध्यांतील अंतर सुमारे ६० सेंटिमीटर येते. १:८७ प्रमाणात ही मापे अनुक्रमे ३१.६ मि.मी. व ६.९ मि.मी. होतात. अमेरिकन धर्तीच्या तयार रुळाचे स्लीपर याहून आखूड व अधिक जवळ असतात. गेज जितके चुकते त्याहून कित्येकदा ही दाटीच परकेपणा अधिक दाखविते. लवचीक रुळाच्या स्लीपरांमधील प्लॅस्टिकचे दुवे खालून कापून अंतर थोडे वाढविता येते, व हा उपाय अल्पखर्चाचा आहे.

धातूंपैकी पोलाद गंजते. पितळ विजेचे चांगले वाहक आहे, परंतु त्यावर चढणारा मळकट थर वीज अडवितो. त्यामुळे ते वारंवार घासावे लागते. ‘निकेल सिल्व्हर’ या मिश्रधातूत नावाप्रमाणे चांदी मुळीच नसून तांबे, निकेल व जस्त असते. त्याची वाहकता पितळापेक्षा कमीच आहे. पण त्यावरील थर चाकाशी होणाऱ्या संपर्कास फारसा अडथळा आणीत नाही, आणि व्यवहारात तोच गुण निर्णायक ठरतो. कोकणासारख्या दमट हवेत तर याच धातूची निवड करावी. त्याची कमी वाहकता भरून काढण्यासाठी फलकाखालून जाड तार नेऊन रुळाच्या प्रत्येक तुकड्यास तिची स्वतंत्र शाखा डाखाने जोडावी. केवळ जोडपट्ट्यांवर विसंबून राहिल्यास त्या कालांतराने सैल होतात आणि दूरच्या टोकास एंजिन मंदावते.

वळणाची त्रिज्या

भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गावर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे, मान्य आहे. १:८७ प्रमाणात ही त्रिज्या दोन मीटरांहून किंचित अधिक येते. म्हणजे केवळ एक अर्धवर्तुळ काढावयास चार मीटर रुंद खोली हवी. खेळण्यांच्या तयार रुळांत हॉर्नबीच्या पहिल्या वळणाची त्रिज्या ३७१ मि.मी. व दुसऱ्याची ४३८ मि.मी. असते, मार्क्लिनच्या पहिल्या वळणाची ३६० मि.मी. असते. वास्तव आणि बाजार यांतील हे अंतर पाच पटींहून अधिक आहे.

कमी त्रिज्येमुळे नेमके काय बिघडते हे मोजता येते. वळणावर डब्याचा मध्यभाग आतल्या बाजूस आणि टोके बाहेरच्या बाजूस सरकतात. दोन बोगींच्या केंद्रांतील अंतर ब, डब्याची लांबी ल आणि वळणाची त्रिज्या त असेल, तर मध्यभाग सुमारे ब² ÷ ८त इतका आत जातो. टोके सुमारे (ल² − ब²) ÷ ८त इतकी बाहेर जातात. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत ज्या रचनेचे डबे बांधले गेले, त्या डब्याच्या कायेची लांबी २१.३ मीटर आणि बोगींतील अंतर १४.८ मीटर आहे. १:८७ प्रमाणात ही मापे २४५ मि.मी. व १७० मि.मी. होतात. ३७१ मि.मी.च्या वळणावर अशा डब्याचा मध्य ९.७ मि.मी. आत आणि टोके १०.५ मि.मी. बाहेर जातात. हीच त्रिज्या ९१४ मि.मी. केल्यास हे आकडे अनुक्रमे ४.० व ४.३ मि.मी.पर्यंत उतरतात.

यावरूनच सर्वांत लांब वाहनाच्या किमान तिप्पट त्रिज्या असावी हा अभ्यासकांत रूढ असलेला संकेत समजतो. वरील डब्यास तो लावल्यास ७३५ मि.मी. त्रिज्या लागते. जागेअभावी तेवढी देता येत नसेल, तर लांब डब्यांचा मोह सोडून मालगाडीची आखूड वाघिणी व लहान टाकी-एंजिन निवडणे अधिक शहाणपणाचे होय. वळणास न मानवणारा डबा विकत घेऊन मागाहून वळण मोठे करू, असा विचार ज्यांनी केला त्यांपैकी फारच थोड्यांस ते साधले आहे.

सांध्याची रचना व भूमिती

सांध्याचे तीन मुख्य भाग असतात. एका बाजूस सरकणाऱ्या दोन निमुळत्या जिभा; जेथे आतील दोन रूळ एकमेकांस छेदतात ते क्रॉसिंग व त्याचे टोकदार नाक; आणि नाकासमोर, विरुद्ध रुळालगत, चाकास आवरून धरणारे चेक-रूळ. सांध्याची तीव्रता क्रॉसिंगच्या कोनावरून मोजतात. ‘एकास बारा’ म्हणजे बारा एकके पुढे गेल्यावर दोन रूळ एक एकक फाकतात. भारतात प्रवासी गाड्यांच्या मार्गावर एकास बारा आणि यार्डात एकास साडेआठ हे सांधे सामान्य आहेत.

कोन, त्रिज्या व लांबी यांचा संबंध साध्या भूमितीने काढता येतो. सांध्याचे वळण जिभेच्या टोकापासून सरळ मार्गास स्पर्श करून निघते आणि नाकापाशी संपते असे मानावे. नाकापाशी ते सरळ रुळापासून गेजइतके, म्हणजे ग, दूर गेलेले असते, आणि तेथील त्याचा उतार एकास स असतो. यावरून टोकापासून नाकापर्यंतची लांबी २ × ग × स आणि वळणाची त्रिज्या २ × ग × स² येते. भारतीय रुंदमापी गेज आणि स = १२ घातल्यास त्रिज्या सुमारे ४८३ मीटर येते. वक्र जिभांच्या प्रत्यक्ष सांध्यात ती ४४१ मीटर असते. जिभेच्या टोकाशी असणारा लहानसा कोन आणि नाकाजवळचा सरळ भाग यांमुळे हा फरक पडतो. म्हणजे सूत्र ढोबळ असले तरी विश्वसनीय आहे.

१६.५ मि.मी. गेजसाठी हेच सूत्र वापरल्यास पुढील आकडे मिळतात. एकास चार या सांध्याची त्रिज्या ५२८ मि.मी. व लांबी १३२ मि.मी.; एकास सहा या सांध्याची १,१८८ मि.मी. व १९८ मि.मी.; एकास आठ या सांध्याची २,११२ मि.मी. व २६४ मि.मी.; आणि एकास बारा या सांध्याची ४,७५२ मि.मी. व ३९६ मि.मी. लांबी अंकाच्या प्रमाणात वाढते, त्रिज्या मात्र अंकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चारावरून सहावर गेल्यास लांबी दीडपट होते, पण त्रिज्या सव्वादोन पट होते. जागेचा थोडासा त्याग केला असता गाडीच्या चालीत मोठी सुधारणा होते, हे यावरून उघड होईल. मुख्य मार्गावर एकास सहाहून तीव्र सांधा घालू नये, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

तयार सांध्यांत दोन पद्धती आढळतात. अमेरिकन पद्धतीत सांध्यास त्याच्या अंकाने ओळखतात. ब्रिटनमधील पेकोच्या प्रसिद्ध मालिकेत लहान, मध्यम व मोठा असे तीन सांधे असून त्यांच्या नाममात्र त्रिज्या ६१०, ९१४ व १,५२४ मि.मी. आहेत, परंतु बाहेर पडतानाचा कोन तिन्हींत १२ अंशच ठेवला आहे. बारा अंश म्हणजे सुमारे एकास ४.७. कोन एकच असल्याने कोणताही सांधा कोणत्याही सांध्याशी जोडता येतो आणि समांतर मार्ग ठराविक अंतरावरच येतात. ही सोय मोठी आहे. मात्र यामुळे मोठा सांधा घेतला तरी शेजारच्या मार्गाकडे जाण्याचा तिरका भाग तितकाच तीव्र राहतो, हे ध्यानात ठेवावे.

दोन समांतर मार्गांतील अंतर ५०.८ मि.मी. असता एका मार्गावरून दुसऱ्यावर जाण्यास सरळ दिशेने १२ अंशांवर २३९ मि.मी., एकास सहावर ३०५ मि.मी. व एकास आठवर ४०६ मि.मी. लागतात. पाच मार्गांच्या यार्डात हे अंतर चार वेळा मोजावे लागते. म्हणजे १२ अंशांस ९५६ मि.मी., तर एकास आठला १,६२५ मि.मी. जागा केवळ फाटे फुटण्यातच जाते. यास्तव मुख्य मार्गावर सौम्य आणि यार्डात तीव्र सांधे घालावेत. खऱ्या रेल्वेतही हीच विभागणी आहे, कारण यार्डात वेग कमी असतो.

मार्ग बदलताना गाडी प्रथम एकीकडे व लगेच दुसरीकडे वळते. अशा उलटसुलट वळणावर एका डब्याचे टोक उजवीकडे तर त्याच्याशी जोडलेल्या डब्याचे टोक डावीकडे सरकते. बफर परस्परांत अडकण्याचा किंवा जोडणीने डबा ओढून पाडण्याचा धोका येथेच सर्वाधिक असतो. म्हणून दोन विरुद्ध वळणांच्या मध्ये निदान सर्वांत लांब डब्याइतका सरळ तुकडा ठेवावा. दोन सांध्यांत तेवढी जागा नसेल, तर अधिक सौम्य सांधा निवडावा.

चाक आणि क्रॉसिंग

गाडी सांध्यावरच घसरते ही तक्रार सार्वत्रिक आहे, आणि बहुधा दोष सांध्यास दिला जातो. वस्तुतः हा प्रश्न चाक व सांधा या दोहोंच्या मापांच्या मेळाचा आहे. एका धुरेवरील दोन चाकांच्या पाठींमधील अंतर १६.५ मि.मी.च्या गेजसाठी सामान्यतः १४.५ मि.मी. असते. चाकाची कड ०.७५ मि.मी. जाड असेल, तर एका चाकाच्या पाठीपासून दुसऱ्या चाकाच्या कडेच्या बाहेरील बाजूपर्यंत १५.२५ मि.मी. होतात. चेक-रुळाच्या धरणाऱ्या बाजूपासून नाकापर्यंतचे अंतर याहून कमी असता कामा नये; कमी असल्यास चेक-रूळ चाकास पुरेसे ओढून धरीत नाही आणि कड थेट नाकावर आदळते. उलटपक्षी चाकांच्या पाठींतील अंतर फार कमी असल्यास ती चेक-रुळांत अडकून वर चढतात. म्हणून सांधा उखडण्यापूर्वी प्रत्येक चाकजोडी मापून पाहावी. घसरणाऱ्या एका डब्यासाठी सांधा बदलणे हे बहुधा चुकीच्या ठिकाणी केलेले औषध असते.

वरील उदाहरणात चेक-रूळ व रूळ यांतील फट १.२५ मि.मी. येते. ८७ पटीने ती १०९ मि.मी. होते, भारतीय रुंदमापी मार्गावर ती ४४ ते ४८ मि.मी. असते. प्रतिकृतीतील फट ही अशी दुपटीहून अधिक असल्याने चाक नाकापाशी क्षणभर निराधार होते. ही निराधार लांबी सुमारे फटीच्या स पट असते : एकास ४.७ ला सुमारे ६ मि.मी., एकास आठला १० मि.मी., एकास बाराला १५ मि.मी. चाकाचा पृष्ठभाग रुंद असेल तर ते बाजूच्या रुळावर टेकून ही फट ओलांडते. अरुंद, दिसावयास सुबक अशी चाके वापरल्यास ते फटीत उतरून उसळते. तेव्हा सौम्य सांधा सर्व दृष्टींनी श्रेष्ठच असे नव्हे. बारीक चाके आणि रुंद फटी यांची सांगड घालू नये.

विजेचा प्रश्न

दोन रुळांतून वीज नेण्याच्या पद्धतीत उजवा व डावा रूळ विरुद्ध ध्रुवांचे असतात, आणि क्रॉसिंगपाशी ते एकमेकांस भेटतात. येथे दोन उपाय आहेत. पहिल्या प्रकारच्या सांध्यात नाक प्लॅस्टिकचे असते. ते कोणत्याही ध्रुवास जोडलेले नसल्याने तारांची भानगड नाही. पण आखूड चार-चाकी एंजिनाची चाके त्या निर्जीव भागावर आली की ते थांबते. दुसऱ्या प्रकारात नाक धातूचे असते व जिभा ज्या बाजूस असतील त्याप्रमाणे त्याचा ध्रुव बदलतो. यात एंजिन सावकाश व अखंड चालते. परंतु नाकानंतरच्या दोन्ही रुळांत विद्युत्‌रोधक जोड घालावे लागतात. ते विसरल्यास पलीकडून येणारी वीज शॉर्ट सर्किट करते. जिभेच्या स्पर्शावर विसंबून न राहता सांधा फिरविणाऱ्या यंत्रास जोडलेल्या स्वतंत्र स्विचमधून नाकास वीज द्यावी. धूळ व ओल यांमुळे स्पर्श बिघडतो.

१९९०च्या दशकात प्रमाणित झालेल्या अंकीय नियंत्रणपद्धतीमुळे एकाच मार्गावर अनेक एंजिने स्वतंत्रपणे चालविता येऊ लागली. तथापि तीत क्षणिक शॉर्ट सर्किटही संपूर्ण वीज तोडते. पूर्वी नाकावर उडणारी जी ठिणगी दुर्लक्षिली जात असे, ती आता सर्व गाड्या थांबविते.

मार्ग वळून पुन्हा स्वतःसच मिळाला, तर उजवा रूळ डाव्यास येऊन भेटतो; असा फास काढल्यास त्याचा काही भाग दोन्ही टोकांस विद्युत्‌रोधक करून त्याचा ध्रुव स्वतंत्रपणे बदलावा लागतो. मार्क्लिनच्या पद्धतीत वीज स्लीपरांमधील बिंदूंच्या रांगेतून घेतात आणि दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे असतात, म्हणून हा प्रश्न तेथे मुळातच उद्भवत नाही. ज्या मांडणीत अनेक फास आवश्यक आहेत, तिच्यासाठी ही पद्धती विचारात घेण्याजोगी आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एखाद्या विभागात २.४ × १.२ मीटरचे मेज उपलब्ध आहे आणि त्यावर दुहेरी मार्गाचे अंडाकृती वर्तुळ हवे आहे, असे समजू. कडेपासून ५० मि.मी. सोडल्यास बाहेरील मार्गाची त्रिज्या अधिकात अधिक ५५० मि.मी. येते. आतील मार्ग ६७ मि.मी. अंतरावर ठेवल्यास त्याची त्रिज्या ४८३ मि.मी. होते. १:८७ प्रमाणातील वर सांगितलेला डबा आतील मार्गावर टोकांनी ८.१ मि.मी. बाहेर येतो, आणि बाहेरील मार्गावर मध्याने ६.६ मि.मी. आत येतो. डब्याची रुंदी ३७.३ मि.मी. धरल्यास दोन गाड्यांस किमान ५२ मि.मी. अंतर लागते. ६७ मि.मी. अंतरावर त्या सुखरूप जातात. परंतु सांध्यांच्या सोयीसाठी तेच ५०.८ मि.मी. अंतर वळणावरही चालू ठेवल्यास दोन गाड्या एकमेकींस घासतात. सरळ भागात याच अंतरावर साडेतेरा मि.मी. मोकळी जागा राहत असल्याने, कागदावरील आराखड्यात हा दोष मुळीच दिसत नाही.

हेच मेज १:१०१.६ प्रमाणात वापरल्यास डब्याची लांबी २१० मि.मी., रुंदी ३२ मि.मी. होते व ४३ मि.मी. अंतरही पुरते. गेज अचूक येते ते वेगळेच. आणि वर्तुळाचाच आग्रह सोडून भिंतीलगत साडेतीन मीटर लांब व अर्धा मीटर रुंद फळीवर एका टोकास स्थानक व दुसऱ्या टोकास झाकलेले यार्ड अशी मांडणी केल्यास, एक मीटरहून लहान वळण कोठेही घालावे लागत नाही आणि मुख्य मार्गावर एकास आठचे सांधे बसतात. गाडी अखंड फिरत राहत नाही हे खरे. परंतु खरी गाडीही एका स्थानकातून दुसऱ्या स्थानकास जाते, वर्तुळात फिरत नाही.

मांडणी कोणतीही असो, काही पथ्ये सर्वत्र लागू आहेत. सांधा दोन फलकांच्या जोडावर, बोगद्यात किंवा चढ जेथे सुरू होतो त्या बिंदूवर बसवू नये. प्रत्येक सांध्यापर्यंत हात पोहोचावा. खडी टाकण्यापूर्वी सर्वांत लांब डबा आणि सर्वांत आखूड एंजिन दोन्ही दिशांनी, ढकलून आणि ओढून, अनेक वेळा चालवून पाहावे. जिभांजवळ गोंद व खडी अत्यंत जपून वापरावी. तेथे अडकलेला एक कण जीभ रुळापासून वेगळी ठेवण्यास पुरेसा असतो.

निष्कर्ष

एकंदरीत निवडीचा क्रम असा ठरतो : प्रथम सर्वांत लांब वाहन व उपलब्ध जागा, त्यांवरून प्रमाण व किमान त्रिज्या, त्रिज्येवरून सांध्याचा अंक, चाकांवरून रुळाची उंची व फटी, आणि शेवटी विजेची योजना. यातील एकही पायरी उलट क्रमाने घेता येत नाही. बाजारात मिळालेला सांधा प्रथम घेऊन त्याभोवती मांडणी रचणाऱ्यास प्रत्येक पुढचा निर्णय त्या सांध्याच्या सोयीने घ्यावा लागतो. प्रतिकृतीत काही ना काही खोटे पत्करावेच लागते; चार मीटरची खोली कोणाच्याही वाट्यास सहसा येत नाही. परंतु कोणते खोटे पत्करले आणि किती, हे मोजून माहीत असेल, तर तीच प्रतिकृती खऱ्या लोहमार्गाचे ज्ञान देणारे साधन होते. एकास बाराचा सांधा एवढा लांब का असतो, हे ज्याने आपल्या मेजावर त्यास जागा देऊन पाहिली त्यास वेगळे सांगावे लागत नाही.